दुरुस्तीतून उरणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्याची राखण

सिल्वासाच्या नैर्ऋत्येस, सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, समुद्रकाठी तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. उत्तरेस सुमारे ११० किलोमीटरवर काक्रापारचे केंद्र आहे. दादरा व नगर हवेलीतील कारखान्यांना आणि घरांना मिळणाऱ्या विजेत या दोन्ही केंद्रांचा वाटा आहे. वीज तारांवरून दूरवर पोहोचते. ती निर्माण करताना उरणारा किरणोत्सारी कचरा मात्र केंद्राच्या आवारातच राहतो. हा कचरा कोणता, तो कोठे ठेवला जातो आणि किती काळ सांभाळावा लागतो, असे प्रश्न दोन केंद्रांच्या मध्ये राहणाऱ्या नागरिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अणुकचरा म्हटले की वापरून झालेले इंधन डोळ्यांसमोर येते. त्याची किरणोत्सारिता अतिशय तीव्र असते आणि त्याची व्यवस्था स्वतंत्रपणे केली जाते. परंतु आकारमानाचा विचार केला, तर जगातील एकूण किरणोत्सारी कचऱ्यापैकी सुमारे ९० टक्के कचरा सौम्य स्वरूपाचा असतो आणि त्यात एकूण किरणोत्सारितेचा जेमतेम १ टक्का भाग सामावलेला असतो. हा सौम्य कचरा वर्षभर थोडाथोडा निघत असतो. केंद्रात मोठी दुरुस्ती निघाली की त्याचे प्रमाण एकाएकी वाढते.

दुरुस्ती आणि कचरा

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातील अणुविजेचा तो प्रारंभ होता. या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. त्यांतील पाणी इंधनाच्या गाभ्यातून जाते, तापते, आणि त्यातील काही भाग पुनर्चक्रीकरण नळांतून पुन्हा गाभ्याकडे वळविला जातो. हे नळ स्टेनलेस स्टीलचे असतात. ताण आणि क्षरण यांच्या संयुक्त परिणामामुळे अशा नळांच्या सांध्यांजवळ बारीक तडे पडतात, असा अनुभव अनेक देशांतील या जातीच्या अणुभट्ट्यांमध्ये आला. तारापूरच्या या दोन्ही अणुभट्ट्या २०२० साली बंद ठेवण्यात आल्या व हे नळ बदलण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले.

काक्रापारची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या व जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. अशा प्रत्येक अणुभट्टीत ३०६ शीतक नलिका असतात. ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या अणुभट्टीतील एका नलिकेतून जड पाण्याची गळती झाली व अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. त्यानंतर दोन्ही अणुभट्ट्यांतील नलिका बदलण्यात आल्या. दुसरी अणुभट्टी २०१८ मध्ये व पहिली २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या दोन उदाहरणांवरून कचऱ्याचे दोन प्रकार ध्यानात येतात. गाभ्याच्या आत राहिलेल्या धातूवर वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा होतो व तो धातू स्वतःच किरणोत्सारी बनतो. काक्रापारच्या नलिकांतील झिर्कोनियम मिश्रधातू हे याचे उदाहरण होय. त्याची गणना सौम्य कचऱ्यात होत नाही. तो दूरनियंत्रित अवजारांनी कापावा लागतो व जाड आवरणामागे ठेवावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात धातू मूळचा निर्दोष असतो, पण त्यावर किरणोत्सारी द्रव्याचा लेप चढलेला असतो. नळ, झडपा व पंप यांची झीज होऊन लोह, कोबाल्ट इत्यादी धातूंचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळतात. हे कण गाभ्यातून जाताना न्यूट्रॉन शोषतात. साध्या कोबाल्टचे कोबाल्ट-६० होते आणि ते पुढे नळाच्या आतल्या बाजूस गंजाच्या थरात जाऊन बसते. म्हणून नळ कापण्यापूर्वी त्यात रसायनांचे पातळ द्रावण फिरवून हा थर जितका निघेल तितका काढून घेतात. द्रावणात उतरलेली किरणोत्सारी द्रव्ये आयन-विनिमय राळेच्या बारीक मण्यांत अडकविली जातात. नळ त्यामुळे हाताळण्याजोगा होतो, पण राळ किरणोत्सारी होते. येथे एक महत्त्वाचे तत्त्व दिसून येते. किरणोत्सारिता धुऊन नष्ट करता येत नाही. ती एका जागेवरून काढून दुसऱ्या, अधिक सोयीच्या जागी बंदिस्त करता येते.

याखेरीज दुरुस्तीच्या काळात शेकडो माणसे कामावर येतात. त्यांचे हातमोजे, अंगावरचे सुती पोशाख, पायांवरील पिशव्या, जमिनीवर अंथरलेले प्लॅस्टिक, पुसण्याची फडकी, हवा गाळणाऱ्या चाळण्या, निकामी झालेली अवजारे, जुने गॅस्केट असा पसारा रोज वाढत जातो. यातील बराचसा भाग नावापुरताच दूषित असतो.

‘सौम्य’ याचा अर्थ

सौम्य हा शब्द ऐकून बेफिकीर राहणे योग्य नव्हे. भारतातील वर्गीकरणानुसार, ज्या घन कचऱ्याच्या पृष्ठभागावर ताशी २ मिलिग्रेपेक्षा कमी किरणमात्रा मिळते, तो पहिल्या वर्गात मोडतो. ताशी २ ते २० मिलिग्रे हा दुसरा वर्ग व त्यापुढील तिसरा वर्ग होय. युरेनियमपेक्षा जड अशी अल्फा किरणे देणारी दीर्घायुषी द्रव्ये असलेला कचरा चौथ्या वर्गात वेगळा काढला जातो.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजेल. सामान्य नागरिकाला नैसर्गिक व वैद्यकीय किरणांव्यतिरिक्त वर्षाकाठी १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक किरणमात्रा मिळू नये, अशी मर्यादा आहे. गॅमा किरणांच्या बाबतीत १ मिलिग्रे म्हणजे जवळजवळ १ मिलिसिव्हर्टच होय. पहिल्या वर्गाच्या वरच्या टोकाची एखादी पिशवी कोणी अर्धा तास कवटाळून बसला, तर त्याची वर्षभराची मर्यादा तेवढ्यात संपेल. तीच पिशवी काही मीटर अंतरावर, दगडी भिंतीआड असेल, तर तिच्यापासून मिळणारी मात्रा नगण्य होते. अंतर, आवरण आणि अल्प काळ या तीन गोष्टींवर सारी सुरक्षितता अवलंबून असते.

आधी पाखडणे

भात घरात भरण्यापूर्वी शेतकरी तो सुपात पाखडतो. कचऱ्याच्या व्यवस्थेतही पहिले व सर्वांत मोलाचे काम हेच आहे. अणुविद्युत केंद्राचे आवार किरणोत्सारी प्रदूषणाच्या शक्यतेनुसार चार विभागांत वाटलेले असते. एका विभागातून दुसऱ्यात जाताना माणसाची व वस्तूची तपासणी होते. नवीन यंत्रभागाचे खोके व वेष्टन दूषित विभागात नेण्याआधीच काढून टाकले, तर तेवढा कचरा जन्मासच येत नाही. जळणारे, दाबता येणारे आणि यांपैकी काहीच न करता येणारे अशा वेगवेगळ्या पिशव्या कामाच्या जागीच भरल्या, तर पुढची प्रक्रिया सुकर होते.

याउलट, एक तीव्र किरणोत्सारी तुकडा घाईत साध्या पिशवीत पडला, तर संपूर्ण पिशवीचा वर्ग बदलतो आणि ती पुन्हा उघडून निवडणाऱ्या कामगाराला विनाकारण किरणमात्रा सोसावी लागते. म्हणून प्रत्येक पिशवीवर व पिंपावर चिठ्ठी असते. ती कोणत्या कामातून आली, कोणत्या दिवशी भरली, पृष्ठभागावरील मात्रा किती, आत कोणती द्रव्ये असण्याचा संभव आहे, याची नोंद त्या चिठ्ठीवर व वहीतही होते.

आकार कमी करणे, बांधून टाकणे

निवडलेल्या कचऱ्यापैकी कापड, कागद, प्लॅस्टिक यांसारखा भाग यंत्रात दाबून त्याचे आकारमान साधारणपणे तीन ते पाच पटींनी कमी करता येते. जळण्याजोगा भाग खास भट्टीत जाळल्यास तो तीस ते पन्नास पटींनी घटतो. भट्टीतून निघणारा धूर अनेक चाळण्यांतून गाळूनच बाहेर सोडतात व राख पिंपात बंद करतात. आकार घटला तरी एकूण किरणोत्सारिता तितकीच राहते. जागा वाचते, आणि पावसापाण्यात सहज विखुरणारा पसारा आटोपशीर होतो.

द्रवरूप कचऱ्यावर गाळण, रासायनिक साका बसविणे, आयन-विनिमय व बाष्पीभवन या क्रिया केल्या जातात. निर्मळ झालेले पाणी तपासून, ठरवून दिलेल्या मर्यादेत असेल तरच, भरपूर पाण्यात मिसळून सोडले जाते. उरलेला गाळ व निकामी राळ मोकळी ठेवता येत नाही. ती सिमेंट किंवा तत्सम पदार्थात कालवून घट्ट केली जाते. पाण्याचा स्पर्श झाला तरी आतील द्रव्य चटकन विरघळून निघू नये, हा त्यामागील हेतू होय.

दगडी चर, काँक्रीटचे चर आणि नळविहिरी

भारतात प्रत्येक अणुविद्युत केंद्राच्या आवारात भूपृष्ठालगतचे कचरास्थान असते. अशा कचऱ्याची रस्त्यारस्त्यांतून लांबवर वाहतूक करावी लागू नये, हा त्याचा एक लाभ आहे. पहिल्या वर्गाचा कचरा दगडी बांधणीच्या चरांत ठेवला जातो. दुसऱ्या वर्गासाठी सलोह काँक्रीटचे, जलरोधक लेप दिलेले चर असतात. तिसऱ्या वर्गाचा कचरा पोलादी अस्तर व काँक्रीटचे आवरण असलेल्या, सुमारे चार मीटर खोल उभ्या नळविहिरींत उतरविला जातो. काठोकाठ भरण्यापूर्वीच मोकळ्या जागेत माती किंवा पाणी व किरणोत्सारी द्रव्ये धरून ठेवणारे खनिज भरतात आणि वरून काँक्रीटने तोंड बंद करतात.

कोकणपट्टीत आणि दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. अशा प्रदेशात या बांधकामाचा खरा शत्रू पाणी हाच आहे. चरात पाणी साचले, तर त्याच्याबरोबर किरणोत्सारी द्रव्य जमिनीत झिरपण्याची वाट मोकळी होते. म्हणून जागा निवडताना भूजलाची पातळी, मातीची धारणशक्ती व पूररेषा पाहिली जाते. भरावयाचे चर पावसात झाकून ठेवतात. आजूबाजूस खोदलेल्या तपासणी विहिरींतील पाण्याचे नमुने नियमितपणे तपासले जातात.

केंद्राबाहेरच्या तपासणीसाठी प्रत्येक ठिकाणी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. साधारणपणे ३० किलोमीटरच्या परिसरातील पाणी, दूध, भाजीपाला, धान्य व मासे यांचे नमुने तेथे तपासले जातात. केंद्र सुरू होण्यापूर्वीच हे काम आरंभिले जाते, जेणेकरून नंतरच्या आकड्यांची तुलना मूळच्या स्थितीशी करता यावी. सिल्वासा या परिघाच्या बाहेर आहे.

हाताळणाऱ्या माणसाची सुरक्षितता

कचरा चरात गेला की गावकऱ्याचा प्रश्न बहुतांशी सुटतो. पण तो तेथवर नेणाऱ्या कामगाराचा प्रश्न त्याआधीच उभा राहतो. दुरुस्तीतील किरणमात्रेचा मोठा भार त्याच्याच अंगावर येतो. कायम कर्मचाऱ्यांबरोबर अशा कामावर कंत्राटी व हंगामी मजूरही असतात. तारापूरच्या सुरुवातीच्या दशकांत या कामगारांना मिळणाऱ्या किरणमात्रेविषयी वृत्तपत्रांतून जाहीर चर्चा झाली होती. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाखाली किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ साली करण्यात आले.

किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्यास सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, व त्यांपैकी कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, यांहून अधिक मात्रा मिळता कामा नये, अशी मर्यादा मंडळाने घालून दिली. छातीवर लावलेला टी.एल.डी. बिल्ला ही मात्रा मोजतो. हा बिल्ला म्हणजे कामगाराचे खातेपुस्तक होय. तो काढून ठेवणे किंवा दुसऱ्याचा लावणे म्हणजे आपल्याच खात्यात खोटी नोंद करण्यासारखे आहे. नोकरी बदलली, कंत्राटदार बदलला, तरी मात्रेची बेरीज पुढे चालू राहिली पाहिजे. म्हणून आपल्या किरणमात्रेची नोंद मागून घेणे हा मजुराचा हक्क आहे आणि त्याच्या हिताचेही आहे.

काळाचा हिशेब

किरणोत्सारी द्रव्य आपोआप क्षीण होत जाते. त्याची किरणोत्सारिता निम्मी होण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुकाल म्हणतात. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवसांचा, कोबाल्ट-६० चा सव्वापाच वर्षांचा, तर सीझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षांचा आहे. दहा अर्धायुकाल लोटले की मूळच्या हजारातून एक भाग उरतो. म्हणजे नळांतील कोबाल्टसाठी पन्नास-पंचावन्न वर्षे आणि सीझियमसाठी ३०० वर्षे. भूपृष्ठालगतच्या कचरास्थानांवर सुमारे ३०० वर्षे देखरेख ठेवावी, असे जे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामागे हाच हिशेब आहे. ज्या द्रव्यांचा अर्धायुकाल हजारो वर्षांचा आहे, ती या चरांत अत्यल्प प्रमाणातच जाऊ दिली जातात.

पूर्वी काही देशांनी असा कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकला. १९९३ साली लंडन कराराच्या सदस्य देशांनी या प्रथेवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. फ्रान्समधील ला मांश येथील कचरास्थान तारापूरच्याच वर्षी, म्हणजे १९६९ साली सुरू झाले व १९९४ मध्ये भरून बंद झाले. तेथे ३०० वर्षांची देखरेख योजिली आहे. कोठे काय पुरले आहे याची कागदपत्रे टिकाऊ कागदावर छापून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यात आली आहेत.

कागद जपणे ही गोष्ट दादरा व नगर हवेलीच्या रहिवाशांना क्षुल्लक वाटू नये. पेशवे व पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला आणि १७८३ व १७८५ मध्ये येथील गावांचा वसूल पोर्तुगीजांकडे गेला. १९५४ साली हा प्रदेश मुक्त झाला. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मांडलेल्या दाव्यात अठराव्या शतकातील तो तह व सनदा पुराव्यात आल्या. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ जहागीर अथवा सरंजाम म्हणून वसूल दिला होता, असा अर्थ न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात त्यांवरून लावला. सुमारे १८० वर्षांपूर्वीचे कागद उपलब्ध होते आणि वाचता आले, म्हणून हे शक्य झाले. १७७९ पासून आजपर्यंत या भूमीने पेशवाई पाहिली, पोर्तुगीज अंमल पाहिला, १९६१ मध्ये ती केंद्रशासित प्रदेश झाली व २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीवशी जोडली गेली. एवढी स्थित्यंतरे झाली तरी तीनशे वर्षे अजून भरलेली नाहीत.

यावरून कचऱ्याच्या राखणीचे स्वरूप ध्यानात येते. दगड, सिमेंट व पोलाद यांचे काम अभियंते करू शकतात. पण कोणत्या चरात काय आहे याची नोंद एका पिढीने दुसरीच्या हाती देणे, कार्यालये बदलली तरी ती न हरवणे आणि त्या जागेवर कोणी विहीर वा पाया खणणार नाही अशी दक्षता घेणे, ही जबाबदारी शासन व समाज यांना पिढ्यानपिढ्या वाहावी लागेल.

भंगाराबाबत सावधगिरी

सिल्वासा व परिसरातील औद्योगिक वसाहतींत धातूचे अनेक कारखाने आहेत आणि भंगाराचा व्यापारही आहे. अणुविद्युत केंद्रातील दूषित धातू तपासणीविना बाहेर जाऊ नये, हा नियम आहे. तथापि रुग्णालये, कारखाने व प्रयोगशाळा यांतही किरणोत्सारी साधने वापरली जातात व तीही कधी भंगारात जाण्याचा संभव असतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात एका विद्यापीठाचे कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण भंगारात गेले. त्याची मोडतोड करताना अनेकांना इजा झाली व एकाचा मृत्यू ओढवला. २००८ साली भारतात तयार झालेल्या पोलादापासून बनविलेल्या उद्वाहनाच्या बटनांत कोबाल्ट-६० असल्याचे फ्रान्समध्ये आढळून आले होते. भट्टीत एकदा ते वितळले की कोणत्या मालात गेले हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

म्हणून भंगार घेणाऱ्यांनी व भट्टी चालविणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तीन पात्यांचे पंख्यासारखे चिन्ह असलेली कोणतीही वस्तू उघडू, कापू वा वितळवू नये. आकाराच्या मानाने फार जड असे शिशाचे डबे वा जाड धातूची आवरणे संशयास्पद मानावीत. वस्तू जेथे असेल तेथेच ठेवून माणसांनी दूर व्हावे आणि पोलीस व जिल्हाधिकारी कार्यालयास ताबडतोब कळवावे. तेथून अणुऊर्जा नियामक मंडळाच्या तज्ज्ञांना बोलाविता येते. मोठ्या कारखान्यांनी भंगाराच्या फाटकाशीच किरणमापक बसविला, तर त्याचा खर्च एका दूषित भट्टीच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

विजेचा लाभ आजची पिढी घेते आहे. तिच्या दुरुस्तीतून उरलेल्या वस्तूंची नोंद चोख ठेवणे आणि ती न चुकता पुढे सोपविणे, हे तिचेच कर्तव्य ठरते.